'कोर्ट' : पारितोषिकांना न दिसलेला अर्धा चित्रपट

सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला दोन मोठे मान मिळाले : 'ओरिझोन्ती' विभागातील सर्वोत्तम चित्रपटाचा, आणि पहिल्याच चित्रपटासाठी दिला जाणारा 'लायन ऑफ द फ्यूचर'. दिग्दर्शकाचे वय तेव्हा सत्तावीस होते. पुढच्या वर्षी बासष्टाव्या राष्ट्रीय पारितोषिकांत सुवर्णकमळ आले, एप्रिल २०१५ मध्ये चित्रपट आपल्याकडे प्रदर्शित झाला, आणि त्याच वर्षी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो ऑस्करसाठी गेला. 'श्वास' आणि 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' यांच्यानंतर हा मान मिळालेला तो तिसरा मराठी चित्रपट. नामांकन मात्र मिळाले नाही. ज्या गटात तो पाठवला गेला त्याचे नाव तेव्हा 'सर्वोत्तम परभाषी चित्रपट' असे होते. २०१९ मध्ये अकादमीने 'परभाषी' हा शब्द काढून तिथे 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द घातला. मला जुना शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात निदान एवढी कबुली होती की समोरचा माणूस जे बोलतो आहे ते आम्हांला थेट कळत नाही.

हा चित्रपट एवढ्या कौतुकाला पात्र आहे का, हे दहा वर्षांनी विचारायला हरकत नसावी. पारितोषिकांचा गुलाल आता खाली बसला आहे. मी पेशाने मराठीचा अध्यापक, वकील नव्हे. पण वऱ्हाडी बोलीच्या अभ्यासासाठी विदर्भातल्या काही न्यायालयांत मागच्या बाकावर बसून साक्षी ऐकण्याचा नाद मला लागला, आणि त्या ऐकण्यानंतर 'कोर्ट' मी वाशिमला घरी बसून चार-पाच वेळा पाहिला. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. चित्रपट कौतुकाला पात्र आहे. मात्र ज्या कारणांसाठी जगाने त्याला डोक्यावर घेतले ती त्याची दुय्यम बाजू आहे. आणि एका बाबतीत तो चांगलाच कमी पडतो, पण तिकडे कौतुक करणाऱ्यांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. नारायण कांबळे हा पासष्टीचा लोकशाहीर मुंबईत मुलांच्या शिकवण्या घेतो आणि वस्त्यांमध्ये कार्यक्रम करतो. एके दिवशी भर कार्यक्रमात पोलीस त्याला मंचावरून उतरवून नेतात. वासुदेव पवार नावाचा गटार साफ करणारा कामगार मॅनहोलमध्ये मरण पावला आहे. पोलिसांचे म्हणणे असे की, कांबळेने वस्तीत म्हटलेल्या गाण्यात कामगारांनी गटारात गुदमरून जीव द्यावा असे आवाहन होते, ते ऐकून पवारने आत्महत्या केली. कलम ३०६, आत्महत्येस प्रवृत्त करणे. खटला सत्र न्यायालयात उभा राहतो. बचावाला विनय व्होरा, सरकारतर्फे नूतन, आणि आसनावर न्यायाधीश सदावर्ते.

गुन्हेपट पाहणाऱ्याचा नेहमीचा प्रश्न 'हे कोणी केले?' असा असतो. इथे प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा आहे : मुळात काही केले गेले आहे काय? मृत्यू झाला आहे, आरोपी आहे, कलम आहे, साक्षीदार आहेत. गुन्हा तेवढा सापडत नाही. परदेशी परीक्षणांत या ठिकाणी काफ्काचे नाव ठरल्यासारखे येते. भारतीय न्यायव्यवस्थेचा भयंकर आणि हास्यास्पद कारभार, विसंगतीचे नाट्य, अशा शब्दांत चित्रपटाची वाखाणणी झाली. आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांनीही तोच सूर उचलला.

माझा पहिला मतभेद इथे आहे. हे हास्यास्पद नाही. वाशिमात बसून पाहणाऱ्याला ते अगदी ओळखीचे वाटते.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याला आठ वर्षे होत होती तेव्हा, २००६ साली, पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली : अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा आणि आमचा वाशिम. शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे त्याचे कारण. त्याच वर्षी जानेवारीत निघालेल्या शासन निर्णयाने आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देण्याची रीत घालून दिली. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण ही मदत मिळायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे आत्महत्या 'पात्र' ठरावी लागते. आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा. 'पात्र' आणि 'अपात्र' हे दोन संस्कृत शब्द शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक असतात, आणि ते तिला कोणी शिकवले हे विचारायची गरज पडत नाही.

पात्र कशी ठरते? जमीन कोणाच्या नावावर आहे, सातबारा काय म्हणतो? कर्ज कुठले : बँकेचे, सोसायटीचे, की सावकाराचे? सावकाराचे असेल तर तो परवानाधारक आहे काय? कर्ज थकले होते काय, वसुलीचा तगादा होता काय? पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, तलाठ्याचा अहवाल, सारे कागद जुळले पाहिजेत. माणूस दारू पीत होता असे कुठे लिहिले गेले, घरात भांडण होते असे कोणी सांगितले, की फाईल दुसऱ्या बाजूला सरकते. गेलेल्या माणसाच्या मनात शेवटच्या रात्री काय होते हे कागदांवरून ठरते.

आता वासुदेव पवारच्या मृत्यूकडे पुन्हा पाहावे. तिथे सरकारला हवे आहे की ही आत्महत्याच असावी, कारण त्याशिवाय गाणे दोषी ठरत नाही. आमच्याकडे कुटुंब म्हणते की ही शेतीपायी आत्महत्या आहे, आणि सरकार पुरावा मागते. वादी-प्रतिवादी बदलले आहेत, पण व्याकरण एकच. दोन्हीकडे मृत्यूचे कारण त्या माणसाच्या अगदी जवळच्या एखाद्या वस्तूत शोधायचे असते : एक गाणे, एक बाटली, एक भांडण. त्यापलीकडे जे पसरलेले आहे, म्हणजे गटारातला वायू, सोयाबीनचा भाव, न आलेला पाऊस, ते कलमात बसत नाही. कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याला 'अपप्रेरणा' असा शब्द आहे. प्रेरणा देणारा कोणी तरी माणूस त्याला लागतो. परिस्थिती प्रेरणा देते, असे वाक्य त्या भाषेत लिहिता येत नाही.

ताम्हाणे यांनी हे व्याकरण नेमके पकडले आहे, आणि त्यासाठी त्यांना विसंगती निर्माण करावी लागलेली नाही. शर्मिला पवारची साक्ष हे त्याचे उत्तम उदाहरण. उषा बाने यांनी साकारलेली ही विधवा पिंजऱ्यात उभी राहते आणि विचारले तेवढेच सांगते. नवऱ्याचा एक डोळा कामापायी गेला होता. सुरक्षेची साधने नव्हती. उतरण्याआधी तो आत खडा टाकून बघायचा. झुरळे हलली तर आत जिवंत राहण्याइतकी हवा आहे असे समजायचे. वासाचा त्रास होऊ नये म्हणून प्यायचा. आत्महत्येची भाषा त्याच्या तोंडी कधी नव्हती. ना हुंदका, ना पार्श्वसंगीत. व्होरा प्रश्न विचारतो, ती उत्तर देते, न्यायाधीश ते उत्तर आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात. खड्याचा आणि झुरळांचा तपशील सरकारपक्षाची सगळी मांडणी मोडून काढतो, कारण जो माणूस हवा तपासून उतरतो तो मरायला उतरत नाही. पण कोर्टात कोणी दचकत नाही. हा क्षण जगभरच्या प्रेक्षकांना भिडला असणार यात शंका नाही. मात्र पुढचा भाग, त्या बाईचे बोलणे न्यायाधीशांच्या तोंडून इंग्रजीत जाते आणि तिची साक्ष तिलाच वाचता न येणारी होऊन बसते, हा माझ्या मते त्याहून मोठा. आणि इथेच 'परभाषी' हा शब्द कामाला येतो.

'कोर्ट'मध्ये मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषा आहेत. कोणती कोण कोणाशी वापरतो, हे या चित्रपटाचे खरे कथानक आहे असे मी म्हणेन. व्होरा आईवडिलांशी गुजराती बोलतो, मित्रांत इंग्रजी, कोर्टात हिंदी आणि इंग्रजी. तो सज्जन आहे, मानवी हक्कांसाठी झटणारा आहे, पदरचे पैसे घालणारा आहे. पण ज्याचा बचाव करतो त्या माणसाच्या भाषेत त्याची गती बेताची आहे. नूतनची गोष्ट उलट. कांबळेची भाषा ही तिची मातृभाषा आहे. गाण्यातला शब्दन् शब्द तिला कळतो, आणि त्याला आत टाकण्याचे काम तिचे आहे. कायद्याची कलमे वाचताना ती इंग्रजीत शिरते आणि एकसुरी, न थांबता, पोथी वाचावी तशी पाने वाचत सुटते. १८७६ चा नाट्यप्रयोगांवरचा कायदा त्या सुरात आजचाच वाटू लागतो. आणि कांबळे? तो मराठीत बोलतो आणि एरवी गप्प राहतो. कोर्टातल्या बहुतेक गोष्टी त्याच्या डोक्यावरून इंग्रजीत चालल्या आहेत.

व्हेनिसमधल्या प्रेक्षकाला हे सारे पडद्याच्या तळाशी एकाच टायपात, एकाच भाषेत वाचायला मिळाले. चार भाषांची उतरंड तिथे सपाट होते. कोण कोणत्या भाषेत गप्प बसतो हे उपशीर्षकांत लिहिण्याची सोय नसते. म्हणून मी म्हणतो की परीक्षकांनी अर्ध्या चित्रपटाला पारितोषिक दिले. त्यांनी लांबून घेतलेली स्थिर दृश्ये पाहिली, मृणाल देसाई यांच्या कॅमेऱ्याचा संयम पाहिला, न्यायालयाची दिरंगाई पाहिली. ते सगळे आहेच. ऐकण्याचा चित्रपट मात्र त्यांच्यापर्यंत पोचणे कठीण होते.

या ऐकण्याला आमच्याकडे आणखी एक पदर आहे. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरून आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तेव्हा इंग्रजीचा प्रश्न आमच्या तालुक्यांत मुंबईइतका तीव्र नाही. पण साक्षीदार वऱ्हाडीत बोलतो. 'थो पेऊन होता' असे म्हातारी सांगते, आणि 'सदर इसम मद्याच्या अंमलाखाली होता' असे कागदावर उतरते. 'मले काई माईत नाई जी' याचे 'मला घटनेबाबत माहिती नाही' होते. अर्थ फारसा चुकत नाही. बाई मात्र त्यातून नाहीशी होते. 'जी' गळतो, आणि त्या 'जी'मध्ये जी भीती होती तीही गळते. सदावर्ते शर्मिलाची साक्ष सांगताना ऐकले की मला त्या मागच्या बाकाची आठवण होते. सांगायचे एवढेच की 'कोर्ट'मधला हा अनुवाद महानगरी मुंबईची खासियत नाही; राज्यभर, मराठीतून मराठीतही, तो रोज चालतो.

तेव्हा चित्रपटाच्या या अंगाला माझे पूर्ण गुण. त्यातही गीतांजली कुलकर्णी यांची नूतन. आपल्याकडच्या सरकारी वकिलाचे इतके न्याय्य चित्र मराठी पडद्यावर मी पाहिलेले नाही. लोकलमध्ये ती शेजारणीशी साडीबद्दल बोलते, मधुमेहाला कुठले तेल बरे याची चर्चा करते, मुलाला पाळणाघरातून घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. कांबळेबद्दल सहकाऱ्यांत बोलते तेव्हा तिच्या बोलण्यात द्वेष नसतो. एकदाचे आत टाकावे आणि मोकळे व्हावे, एवढाच कंटाळा असतो. खलनायिका असती तर प्रेक्षकाला सोयीचे झाले असते. इथे एका माणसाचे आयुष्य दुसऱ्या माणसाच्या दिवसभराच्या थकव्यावर अवलंबून आहे, आणि थकलेल्या माणसावर आपल्याला रागावता येत नाही.

आता उणिवेकडे येतो. चित्रपट व्होराच्या मागे जातो : भारी दुकानातली वाइन आणि चीज, गाडीतले जाझ, लग्नाचा लकडा लावणारे आईवडील, रात्रीचा बार. नूतनच्या मागे जातो. शेवटी न्यायाधीशांच्याही मागे जातो. कायदा राबवणारी माणसे कुठल्या घरातून येतात हे दाखवण्याची ही रचना आहे, आणि ती लख्खपणे उतरली आहे. पण कांबळेच्या घरी कॅमेरा जात नाही. तो आपल्याला शिकवणीत, मंचावर, छापखान्यात, पिंजऱ्यात भेटतो. म्हणजे तो जिथे सार्वजनिक असतो तिथे भेटतो. रात्री तो काय खातो, कोणाशी भांडतो, त्याला कशाचा कंटाळा येतो, हे कळत नाही. शर्मिलाचेही तसेच. ती साक्ष देते, व्होराच्या गाडीत बसते, कामाचे विचारते, आणि उतरून जाते. कॅमेरा गाडीतच राहतो.

यावर ठरलेले उत्तर असे दिले जाते : ही दिग्दर्शकाची जाणीवपूर्वक निवड आहे, न्यायालय आरोपीला जेवढे पाहते तेवढेच चित्रपट त्याला पाहतो. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. कारण वकील आणि न्यायाधीश यांनाही न्यायालय घरी जाऊन पाहत नाही. त्यांच्यासाठी चित्रपटाने ती मर्यादा ओलांडलीच ना? मग ज्यांच्यासाठी ओलांडली ते वरचे तिघे आणि ज्यांच्यासाठी नाही ओलांडली ते खालचे दोघे, हा योगायोग नाही. वरच्या तिघांची घरे महोत्सवांच्या प्रेक्षकाला सहज ओळखता येतात. वाइन, लोकल, सहल. खालच्या दोघांच्या घरात शिरायचे तर वेगळी भाषा, वेगळा गृहपाठ लागला असता. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण तो उंबऱ्याबाहेर उभा राहून दाखवलेला आहे.

मराठी रंगभूमीचा दाखला द्यायचा तर तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात सारे खोटे कोर्ट आरोपी बाईभोवती फिरते. तिच्या आयुष्यात शिरल्याशिवाय खटला पुढे सरकतच नाही. इराणचे असगर फरहादी 'अ सेपरेशन'च्या पहिल्याच दृश्यात कॅमेरा न्यायाधीशाच्या जागी ठेवतात आणि नवराबायकोला आपल्याशी बोलायला लावतात. पुढे गरीब मोलकरणीच्या घराची दारेही ते आपल्याला उघडून देतात. त्या चित्रपटाला २०१२ मध्ये परभाषी गटाचे ऑस्कर मिळाले. 'कोर्ट' अधिक कोरडा आहे, पुष्कळदा अधिक चाणाक्षही. उघडलेल्या दारांच्या हिशेबात मात्र तो मागे पडतो.

या उणिवेची भरपाई एका माणसाने केली आहे, आणि ती पटकथेतली नव्हे. कांबळेच्या भूमिकेतले वीरा साथीदार नागपूरचे. आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. १३ एप्रिल २०२१ रोजी कोरोनाने त्यांचे नागपुरात निधन झाले. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती होती. त्यांच्या चेहऱ्यावर जे आहे ते अभिनय शिकून येत नाही. पोलीस मंचावर येतात तेव्हा कांबळे चकित होत नाही. ज्याला हे ठाऊक होते, ज्याने हे आधी पाहिले आहे, अशा माणसाचा तो शांतपणा आहे. संभाजी भगत यांची गाणी साथीदारांच्या तोंडी येतात तेव्हा त्यांना मंचाचा सराव आहे हे कळते. आमच्याकडे चौदा एप्रिलला, चौदा ऑक्टोबरला गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम होतात. मंडपाच्या मागच्या बाजूला एक-दोन पोलीस उभे असतात, आणि कधी कधी तेही पायाने ठेका धरतात. शाहीर आणि पोलीस यांच्यातले हे जुने, गुंतागुंतीचे शेजारपण 'कोर्ट'च्या पटकथेत नाही. साथीदारांच्या नजरेत आहे. चित्रपटाने कांबळेच्या घराचे दार उघडले असते, तर ते किती काही सांगू शकले असते, ही हुरहूर राहते.

दुसरी तक्रार लहान आहे. नूतन कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. मंचावर परप्रांतीय जावई नको म्हणून आरडाओरडा होतो, प्रेक्षक टाळ्या पिटतात. तसेच व्होराच्या तोंडाला काळे फासण्याचा प्रसंग : कोर्टात एका पंथाच्या पुस्तकाचा उल्लेख केला म्हणून त्या पंथाची माणसे त्याला हॉटेलबाहेर गाठतात. दुसरा प्रसंग कॅमेऱ्याच्या अंतरामुळे सावरतो. नाटकाचा मात्र ठळक पेनाने अधोरेखित केल्यासारखा वाटतो. एरवी प्रेक्षकावर सगळे सोपवणारा दिग्दर्शक इथे कोपराने ढोसतो. अशी नाटके नसतात असे नाही. पण त्या प्रेक्षागृहात बसलेल्या एखाद्या बाईला हसू आले नसेल, तिचाही चेहरा दिसता तर बरे झाले असते.

शेवटाबद्दल पुष्कळ वाद झाला आहे. कांबळे जामिनावर सुटतो, आणि पुन्हा अटक होते, या वेळी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली. व्होरा जामीन मागतो. पण न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते आहे, वरच्या न्यायालयात जा, असे त्याला सांगितले जाते. कर्मचारी खिडक्या लावतात, दिवे एकेक करून मालवतात, आणि पडदा काळा होतो. अनेकांच्या मते चित्रपट तिथे संपायला हवा होता. पुढे सदावर्ते कुटुंबासह सहलीला जातात, एका नातलगाला न बोलणाऱ्या मुलासाठी अंकशास्त्राचा आणि खड्याच्या अंगठीचा सल्ला देतात, बाकावर डुलकी घेतात, पोरे ओरडून त्यांना जागे करतात, आणि ते एकाला चापट मारतात. संपले.

मला हा शेवट पटतो. काळा पडदा म्हणजे कायदा झोपी गेला, असा सोपा अर्थ निघाला असता. सहलीच्या दृश्यात कायदा झोपलेला नाही. तो फक्त सुटीवर आहे, आणि आरोपी कोठडीत आहे. ज्या मनाने पुरावा तोलायचा त्याच मनाने खड्याची अंगठीही सुचवली जाते. बिनबाह्यांचा पोशाख केलेल्या बाईचे प्रकरण न ऐकणारे हेच सदावर्ते आपण आधी पाहिलेले असतात. माणूस दोन नाहीत. न्यायालयाचा वेळ आणि माणसाचा वेळ मात्र दोन आहेत, हे त्या सुटीमुळे कळते. आमच्या जिल्ह्याला याचा एक ठळक दाखला आहे. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराचा दोन जैन पंथांमधला वाद १९२९ सालीच लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आला होता. तरीही १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले, आणि ते निघायला २०२३ साल आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. देव तरी थांबू शकतो. कांबळे पासष्ट वर्षांचा आहे आणि त्याची तब्येत ठीक नाही.

चित्रपट पुन्हा पाहताना मी एक वेगळी नोंद ठेवली : पिंजऱ्यात कोण कोण येतात. पोलीस अधिकारी येतो. एकाहून अधिक प्रकरणांत पंच म्हणून उभा राहिलेला साक्षीदार येतो. अशा ठरलेल्या पंचांची ओळख आमच्या तालुक्यांत कोणाला करून द्यावी लागत नाही. विधवा येते. पवारला साधनांशिवाय गटारात उतरवणारे मात्र कोणी येत नाही. कोणाला समन्स निघत नाही, आणि नूतन, व्होरा, सदावर्ते यांपैकी कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. गटारात माणूस उतरवण्यावर बंदी आणणारा कायदा २०१३ चा. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च २०१४ चा, म्हणजे 'कोर्ट' व्हेनिसला पोचण्याच्या सहा महिने आधीचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख झाली. कलम ३०६ चा क्रमांक १ जुलै २०२४ पासून १०८ झाला आहे. शर्मिला पवार साक्ष देऊन पिंजऱ्यातून खाली उतरते तेव्हा तिच्या हातात यातला एकही कागद नसतो, आणि न्यायाधीश पुढची तारीख सांगतात.